सपाट आलेखाचं कोडं : चौदा महिन्यांच्या बाळाचा न्यूरोब्लास्टोमा

नव्याने शिकणाऱ्यांना नमुना म्हणून दाखवावा इतका गुणसूत्रांच्या प्रतींचा तो आलेख स्वच्छ होता. सगळी गुणसूत्रं ओळीने शून्याच्या रेषेवर बसलेली. कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. नळीवरच्या चिठ्ठीवर 'ट्यूमर' लिहिलेलं होतं. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत हे त्याच क्षणी लक्षात यायला हवं होतं. ते लक्षात आलं दोन दिवसांनी, एका फोनमुळे.

यातलं बाळ प्रातिनिधिक आहे. कुठल्याही एका खऱ्या रुग्णाची ही नोंद नव्हे. पण ज्या पेचात आम्ही सापडलो तो पेच लहान मुलांच्या गाठींवर मायक्रोॲरे (सगळ्या गुणसूत्रांच्या प्रती एकदम मोजणारी चाचणी) करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेला कधी ना कधी भेटतोच.

बाळ चौदा महिन्यांचं. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाच्या डाव्या बाजूला कडक काहीतरी लागलं. बाळ खेळत होतं, खात होतं, ताप नव्हता. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या वर गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती साडेसात सेंटिमीटरची निघाली, आत कॅल्शियमचे कण, आणि मुख्य धमनीला व मूत्रपिंडाच्या धमनीला तिने वेढा घातलेला. लघवीतलं व्हीएमए आणि एचव्हीए (अशा गाठींमुळे वाढणारी दोन द्रव्यं) दोन्ही वाढलेलं. या गाठींच्या पेशींत साठणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेल्या एमआयबीजी स्कॅनमध्ये फक्त गाठच उजळली, हाडं स्वच्छ. दोन्ही बाजूंचा बोन मॅरोही स्वच्छ. म्हणजे रोग पसरलेला नाही, पण रक्तवाहिन्यांच्या वेढ्यामुळे गाठ लगेच काढणं धोक्याचं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेला 'एल-२' म्हणतात.

सुईने बायोप्सी घेतली, गाठीचे चार बारीक धागे मिळाले. पॅथॉलॉजीचा अहवाल आला : न्यूरोब्लास्टोमा, मज्जातंतूंना वेष्टन घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींचा भाग नगण्य, पेशी फारशा परिपक्व नाहीत, पण विभाजनाचा वेग कमी. या वयात हे सगळं 'अनुकूल' खात्यात जमा होतं. काचेवर उमटवलेल्या ठशावर फिश तपासणी (एखाद्या जनुकाच्या प्रती चमकत्या खुणांनी मोजणारी) केली. एमवायसीएन जनुकाच्या प्रती दोन, संदर्भाला घेतलेल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या खुणाही दोन. जनुक फुगलेलं नाही, म्हणजे गाठ आक्रमक करणाऱ्या त्याच्या ढीगभर जादा प्रती नाहीत. इथवर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. एक धागा गोठवून आमच्याकडे मायक्रोॲरेसाठी आला.

फिशवर भागत असताना मायक्रोॲरे कशाला, असं अजूनही काही जण विचारतात. त्याचं उत्तर या आजाराच्या स्वभावात आहे. न्यूरोब्लास्टोमा गर्भातल्या न्यूरल क्रेस्टच्या पेशींपासून होतो. याच पेशी पुढे सिंपथेटिक मज्जासंस्था आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा गाभा घडवतात. मुलांच्या सगळ्या कर्करोगांत याचा वाटा सात-आठ टक्क्यांचा, पण मृत्यूंमध्ये तो पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. आणि तरीही याच आजाराच्या काही गाठी तान्ह्या बाळांमध्ये कुठल्याही औषधाविना विरघळून जातात. जपानमध्ये १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून हा रोग लवकर पकडण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि जर्मनीतही असे प्रयोग झाले. सापडलेल्या गाठींची संख्या वाढली, पण मृत्यू घटले नाहीत. पकडल्या जात होत्या त्या बहुतेक अशा गाठी, ज्या तशाही फारसं नुकसान करणार नव्हत्या. जपानने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोहीम थांबवली. थोडक्यात, एकाच नावाखाली किमान दोन वेगळे रोग नांदतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दरवेळी वेगळे ओळखू येत नाहीत. गुणसूत्रांत मात्र फरक पडतो.

सौम्य गाठींमध्ये अख्खी गुणसूत्रं कमी-जास्त झालेली असतात. पेशीत दोनऐवजी तीनच्या जवळपास प्रती, पण प्रत्येक गुणसूत्र आपल्या जागी धड. आक्रमक गाठींमध्ये गुणसूत्रं तुटतात. एखादा तुकडा गळतो, एखादा जादा चिकटतो. १९८३ मध्ये मानफ्रेड श्वाब आणि सहकाऱ्यांनी एमवायसीएन जनुक या पेशींत फुगलेलं असतं हे दाखवलं. पुढच्याच वर्षी गॅरेट ब्रोडर यांच्या गटाने त्याचा संबंध पुढच्या टप्प्यातल्या रोगाशी जोडला. पण असं फुगलेलं जनुक पाचातल्या एखाद्याच गाठीत सापडतं. उरलेल्या चारांचं काय? तिथे पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा (१पी) गळते, अकराव्याची लांब भुजा (११क्यू) गळते, सतराव्याची लांब भुजा (१७क्यू) जादा होते. नऊशेहून अधिक गाठींवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १पीचा लोप २३ टक्क्यांत, तर ११क्यूचा ३४ टक्क्यांत आढळला. यातली मेख अशी की ११क्यू गळालेल्या गाठींमध्ये एमवायसीएन सहसा शांतच असतं, फुगलेलं नसतं. म्हणजे फक्त एमवायसीएन बघणाऱ्याला या गाठी निरुपद्रवी वाटू शकतात.

२००९ मध्ये फ्रान्समधल्या इझाबेल जानुए-लेरोसी आणि सहकाऱ्यांनी ४९३ गाठींचे संपूर्ण आलेख मांडले. त्यांचा निष्कर्ष होता की एकेक खूण स्वतंत्रपणे मोजण्यापेक्षा 'तुकड्यांचा बदल आहे की नाही' हा एकच प्रश्न रोग उलटण्याचा अंदाज जास्त चांगला देतो. हा प्रश्न एकदमच विचारायचा तर सगळी गुणसूत्रं एका दमात बघावी लागतात. मायक्रोॲरे नेमकं तेच करतो.

आमच्या चिपवर साडेआठ लाखांच्या आसपास ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्यावर जीनोममधल्या एका ठरावीक जागेशी जुळणारा डीएनएचा छोटा धागा रोवलेला असतो. गाठीतून काढलेला डीएनए तोडून, वाढवून, रात्रभर त्यावर ठेवायचा. जिथे प्रती जास्त, तिथे चमक जास्त. संदर्भाशी तुलना करून प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो : दोन प्रती असतील तर शून्य, एक असेल तर उणे, तीन असतील तर अधिक. याशिवाय दुसरा आलेख मिळतो, आणि माझ्या मते खरी गंमत त्यात आहे. अनेक ठिपके अशा जागांवर असतात जिथे माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. आईकडून एक अक्षर, वडिलांकडून एक. निरोगी पेशींत या ठिपक्यांच्या तीन पट्ट्या पडतात : तळाशी, मध्यावर आणि वर. एखादा तुकडा गळाला की मधली पट्टी दुभंगते, कारण तिथे आता आईचंच उरलं किंवा वडिलांचंच.

आमच्या बाळाच्या पहिल्या आलेखात ती पट्टी कुठेच दुभंगली नव्हती. पहिला आलेख शून्यावर, दुसऱ्यात तीन सुबक पट्ट्या. तांत्रिक कसोट्या सगळ्या उत्तीर्ण. गोंगाट इतका कमी की असा डीएनए रोज मिळावा. मी प्राथमिक अहवालावर सही केली : 'तपासलेल्या नमुन्यात प्रतींचा कोणताही असामान्य बदल आढळला नाही.' वाक्य अक्षरशः खरं होतं. चूक त्यातल्या 'तपासलेल्या नमुन्यात' या दोन शब्दांत लपली होती, आणि ते शब्द कोणी वाचत नाही.

दोन दिवसांनी कर्करोगतज्ज्ञांचा फोन आला.

"मॅडम, काही आढळलं नाही म्हणजे तुकड्यांचा बदल नाही, असंच ना? मग आम्ही बाळाला नुसतं देखरेखीखाली ठेवायचं म्हणतोय. केमो टळेल."

मी होकार देण्यासाठी तोंड उघडलं आणि थांबले. तुकड्यांचा बदल नाही हे ठीक. पण अख्ख्या गुणसूत्रांचा तरी बदल कुठे आहे? या वयातली सौम्य गाठ असती तर सहावं, सातवं, सतरावं, कुठलं ना कुठलं गुणसूत्र जादा दिसलं असतं. वाईट गाठ असती तर तुकडे दिसले असते. इथे चांगल्याचीही खूण नव्हती आणि वाईटाचीही नव्हती. पूर्ण सपाट न्यूरोब्लास्टोमा अशक्य नाही, पण इतका विरळा की आधी नमुन्यावर संशय घ्यावा.

"सर, दोन दिवस थांबा. अहवाल मी मागे घेतेय."

पलीकडे शांतता पसरली. मग ते म्हणाले, "घरच्यांना मी कालच सांगून बसलोय हो."

सपाट आलेख दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एक म्हणजे खोटी शून्यरेषा. मायक्रोॲरे एकूण डीएनए सारखाच घेतो, त्यामुळे पेशीत सगळीच गुणसूत्रं तीन-तीन असतील तर तो त्यालाच 'सामान्य' धरतो आणि शून्यावर आणून बसवतो. अशा गाठीत ज्या गुणसूत्राच्या दोनच प्रती आहेत ते गळाल्यासारखं दिसतं. मी एकदा असा आलेख उलटा वाचलेला आहे, म्हणून सांगते. यावर उतारा दुसऱ्या आलेखात असतो : तीन प्रती असतील तर मधली पट्टी मध्यावर न राहता एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशी फाकते. आमच्याकडे पट्टी सर्वत्र मध्यावर होती. तेव्हा हे कारण बाद.

उरलं दुसरं कारण. नळीत गाठच नसणं.

गोठवलेल्या धाग्याचा अर्धा भाग शिल्लक होता. त्याचा पातळ काप काढून, रंगवून पॅथॉलॉजीतल्या सहकाऱ्यापुढे ठेवला. त्याने भिंग फिरवलं आणि डोळे न काढताच म्हणाला, "अहो, ही तर ॲड्रिनलची साल आहे!" एका टोकाला अधिवृक्क ग्रंथीचं निरोगी बाह्य आवरण, मध्ये तंतुमय वेष्टन, त्यात पांढऱ्या पेशींचे घोळके. गाठीच्या पेशी अगदी कडेला, फार तर दहा टक्के. सुई गाठीत शिरताना वाटेत जे लागलं त्याचाच बराचसा भाग आमच्या वाट्याला आला होता. पॅथॉलॉजीने आणि फिशने बघितले ते धागे वेगळे होते आणि त्यांत गाठ भरपूर होती, त्यामुळे त्यांचे अहवाल चुकीचे नव्हते. आमच्या धाग्यात काय आहे हे मात्र कोणी पाहिलंच नव्हतं. डीएनए काढण्याआधी काचेवर एक ठसा उमटवायला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी नमुना संध्याकाळी उशिरा आला, आणि ठसा राहिला.

दहा टक्क्यांत काय बिघडतं ते आकड्यांत बघू. समजा गाठीच्या पेशींत ११क्यूची एक प्रत गळालीय. नमुन्यात गाठीच्या पेशी दहा टक्के असतील तर सरासरी प्रती होतात १.९. आलेखावर आकडा येतो उणे ०.०७, जो ठिपक्यांच्या नेहमीच्या थरथरीत बुडून जातो. त्याच पेशी साठ टक्के असतील तर सरासरी १.४ होते आणि आकडा उणे ०.५१, हा खड्डा दारातून दिसतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी साठ टक्क्यांच्या आसपास गाठीच्या पेशी असल्याशिवाय 'काही नाही' असं लिहू नये असा दंडक आहे. 'काही आहे' हे कमी पेशींतही लिहिता येतं, कारण दिसलं ते दिसलं. न दिसण्याला मात्र पुरावा लागतो.

दुसरा गोठवलेला धागा मागवला. या वेळी आधी काप, मग ठसा, मग डीएनए. गाठीच्या पेशी साठ टक्के. पेशीतला एकूण डीएनए मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत डीएनए निर्देशांक १.०, म्हणजे गाठ दोन प्रतींचीच. सोबत बाळाच्या रक्ताचा डीएनएही चिपवर चढवला.

चौथ्या दिवशी पडद्यावर आलेख उघडला. अकराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, क्यू-१४च्या आसपास, रेषा जिन्याच्या पायरीसारखी खाली उतरली आणि भुजेच्या टोकापर्यंत खालीच राहिली. साडेपाच कोटी बेसजोड्यांचा पट्टा. आकडा उणे ०.४५, हिशोबात उणे ०.५१ यायला हवा होता, पण चिप नेहमी थोडं आकसूनच सांगते. खालच्या आलेखात त्याच जागी मधली पट्टी दुभंगून ०.७१ आणि ०.२९ वर गेलेली, बरोबर साठ टक्क्यांच्या हिशोबाला जुळणारी. सतराव्या गुणसूत्रावर क्यू-२१ पासून टोकापर्यंत उलटी पायरी, वरच्या दिशेने. तिसऱ्याच्या आखूड भुजेवर आणखी एक खड्डा; ११क्यूच्या सोबतीला तो बऱ्याचदा येतो. १पी शाबूत. दुसऱ्या गुणसूत्रावर एमवायसीएनच्या जागी काहीच नाही. एएलके जनुकाच्या जागीही प्रती दोनच.

मग मी पहिला आलेख पुन्हा उघडला, त्याच पट्ट्यावर मोठा करून. मधली पट्टी ११क्यूवर जराशी जाडसर होती, ०.५३ आणि ०.४७ च्या मध्ये पसरलेली. शेजारच्या भुजेवर ती बारीक होती. आधी दिसलं नाही; आता कुठे बघायचं ते माहीत झाल्यावर डोळ्यांत खुपतं.

या एका अहवालाने बाळाचा रकाना बदलला. आयएनआरजी नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने ८,८०० मुलांच्या नोंदींवरून २००९ मध्ये जो तक्ता मांडला, त्यात एल-२ अवस्था, वय अठरा महिन्यांच्या आत, एमवायसीएन शांत, एवढं जुळल्यावर पुढचा प्रश्नच '११क्यू बिघडलंय का' हा आहे. नसेल तर कमी जोखीम, असेल तर मध्यम. युरोपातल्या लाइन्स अभ्यासातही या वयाच्या आणि जिवाला तातडीचा धोका नसलेल्या एल-२ गाठींची विभागणी तुकड्यांच्या बदलावरूनच केली : बदल नसेल तर नुसती देखरेख चालेल का हे तपासायचं, बदल असेल तर केमो द्यायची. सही केलेल्या पहिल्या अहवालाने बाळ चुकीच्या रांगेत उभं राहिलं असतं.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, वाद झाला. एका सर्जनचं म्हणणं, बाळ हसतंखेळतंय, गाठ दाबत नाही, महिनाभर बघू. त्यांचा मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नव्हता, कारण या वयात तुकड्यांचा बदल असूनही बरीच मुलं बरी होतात. मोठ्या मुलांइतकं ११क्यूचं ओझं इथे पडत नाही. पण वाढायला लागल्यावर अशी गाठ थांबायची वाट बघत नाही, आणि धमन्यांचा वेढा घट्ट झाला तर शस्त्रक्रियाही हातची जाते. कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइडचे दोन फेरे द्यायचे, मग पुन्हा स्कॅन, असं ठरलं.

मला बोर्डात विचारलं गेलं ते वेगळंच : "तो जादा १७क्यू चिकटलाय कुठे?" सांगता आलं नाही. मायक्रोॲरे माल मोजतो, मांडणी दाखवत नाही. बहुधा गळालेल्या ११क्यूच्या जागीच १७क्यूचा तुकडा जोडला गेला असेल, असं या गाठींत बऱ्याचदा होतं. पण चिपला ते दिसत नाही. तुकड्यांची नुसती अदलाबदल झाली आणि माल तेवढाच राहिला, तर तीही दिसत नाही. एमवायसीएन फुगलेल्या थोड्याशाच पेशी गाठीच्या एका कोपऱ्यात असतील तर सरासरीत हरवतात, म्हणून फिश सोडायची नाही. एएलकेमधला एका अक्षराचा बदल शोधायला सिक्वेन्सिंग लागतं; ते स्वतंत्रपणे केलं, बदल नव्हता.

या सगळ्यात घरच्यांशी बोलण्याचं काम सर्वांत अवघड होतं. 'नुसतं बघायचं' असं ऐकून गेलेल्या आईवडिलांना आठवड्याभरात 'केमो द्यायचीय' हे सांगायचं. डॉक्टरांनी मला सोबत बसवलं, आणि तेच योग्य होतं. मी सरळ सांगितलं की पहिल्या नमुन्यात गाठीचा भाग जवळजवळ नव्हता आणि ते आधी तपासायला हवं होतं ते आमच्याकडून राहिलं. वडील बराच वेळ आलेखाच्या कागदाकडे बघत राहिले. मग आईने विचारलं, "हे आमच्याकडून आलंय का? पोटात असताना माझ्याकडून काही..." या प्रश्नाला मात्र ठाम उत्तर होतं, कारण रक्ताचा आलेख हाताशी होता. बाळाच्या रक्तात ११क्यू शाबूत, १७क्यू दोनच. तुकडे फक्त गाठीत तुटलेत, जन्मतः मिळालेले नाहीत. घराण्यातून येणारा न्यूरोब्लास्टोमा शंभरात एखाद-दोन ठिकाणीच असतो. त्यामागे मुख्यतः एएलके किंवा पीएचओएक्स२बी जनुकाचा वारसा असतो. ही दोन्ही जनुकं बाळाच्या रक्तात तपासली होती, ती नीट होती. आईने ते तीन वेळा विचारून घेतलं.

दोन फेऱ्यांनंतर गाठ निम्म्याहून लहान झाली, मूत्रपिंडाच्या धमनीपासून सुटली. चार फेऱ्यांनंतर सर्जननी ती काढली. मुख्य धमनीला चिकटलेला पातळ पापुद्रा जाणूनबुजून मागे ठेवला. काढलेल्या गाठीचा काही भाग पुन्हा चिपवर गेला. तेच ११क्यू, तेच १७क्यू, नवीन काही नाही. ११क्यूच्या गाठी उशिराही उलटतात, म्हणून बाळाची तपासणी नेहमीपेक्षा जास्त वर्षं चालणार आहे.

आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर आता एक चौकट आहे : 'गाठीच्या पेशी, टक्के', आणि तिच्याखाली काप पाहणाऱ्याची सही. चौकट रिकामी असेल तर नळी फ्रीजरमध्ये जाते, चिपवर नाही. आणि पहिल्या नमुन्याचा अहवाल आम्ही फाईलमधून काढला नाही. त्यावर तिरकी रेघ मारून खाली तारखेसह लिहिलंय : 'नमुन्यात गाठीच्या पेशी सुमारे १० टक्के. निष्कर्ष काढण्यास अपुरा.'